घसरणीचाही एक न्याय असतो

वर्षानुवर्षे खालच्या श्रेणीत झुंजून, कर्जाच्या आणि दिवाळखोरीच्या संकटांतून तावून-सुलाखून निघून, अखेर एके दिवशी देशातील सर्वोच्च साखळीत दाखल झालेला फुटबॉल संघ जेव्हा पुढच्याच हंगामात पुन्हा खाली ढकलला जाण्याच्या बेतात येतो, तेव्हा त्याच्या चाहत्यांच्या मनात जो उद्वेग दाटतो तो निव्वळ पराभवाचा नसतो. पराभव त्यांनी खालच्या श्रेणीत पुष्कळ पचवलेले असतात. मानाच्या पंक्तीत आग्रहाने बसवावे, पान वाढावे आणि पहिला घास तोंडाशी जाण्यापूर्वीच यजमानाने हाताला धरून उठवावे, तसला हा अपमान असतो. आणि अपमान करणारा यजमान दुसरातिसरा कोणी नसून साखळीचा गुणतक्ता असल्यामुळे दाद मागायची कोणाकडे, हाही प्रश्न असतोच.

या उद्वेगाचे स्वरूप काय, ज्या नियमापायी तो उद्भवतो तो नियम आला कोठून, आणि आपल्या देशात त्या नियमाची जी आबाळ झाली तिने चाहत्याचे भले झाले की बुरे, याचा विचार परभणीत बसून करणे काहींना अप्रस्तुत वाटेल. कापूस, सोयाबीन आणि ज्वारीच्या या जिल्ह्यात मैदान म्हटले की कबड्डी, खो-खो आणि क्रिकेट यांचाच अंमल. परंतु शनिवारी रात्री इंग्लंडातले सामने हातातल्या फोनवर पाहणारी आणि लेस्टर, साउदम्प्टन ही नावे शेजारच्या तालुक्यांच्या नावांइतकी सहज उच्चारणारी मुले आज परभणीत, सेलूत आणि गंगाखेडातही भेटतात. शिवाय इतिहासाचा दाखला पाहू गेल्यास फुटबॉल आपल्याला अगदीच परका नाही. १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे मुंबईच्या कूपरेज मैदानावर रोव्हर्स चषक जिंकणारा हैदराबाद सिटी पोलिसांचा संघ, सय्यद अब्दुल रहीम यांच्या तालमीत तयार झालेला तो अजिंक्य संघ, ज्या राज्याचा होता त्या हैदराबाद राज्यातच तेव्हा परभणी जिल्हा मोडत होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला. त्यानंतर जेमतेम महिन्याभराने रहीमसाहेबांच्या मार्गदर्शनाखाली भारतीय संघाने मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये उपांत्य फेरी गाठून चौथे स्थान मिळवले. तात्पर्य, दप्तर बदलले आणि चेंडू मागे राहिला.

प्रेक्षकांच्या संतापातून जन्मलेला नियम

इंग्लंडात फुटबॉलची साखळी १८८८ साली सुरू झाली आणि १८९२ साली तिला दुसरी श्रेणी जोडण्यात आली. वरच्या श्रेणीच्या तळाचे संघ आणि खालच्या श्रेणीच्या शिरोभागीचे संघ यांच्यात ‘कसोटी सामने’ खेळवून कोण वर जाणार आणि कोण खाली, याचा निर्णय तेव्हा होत असे. एप्रिल १८९८ मध्ये स्टोक आणि बर्नली यांच्यात असाच एक सामना झाला. बरोबरी झाल्यास दोघांचेही भागणार होते, हे दोन्ही संघांना पक्के ठाऊक होते. तेव्हा बावीस खेळाडूंनी दीड तास गोलाकडे चेंडू जाणार नाही याची दक्षता घेत तो इकडून तिकडे टोलवला. तिकिटाचे पैसे मोजून आलेल्या प्रेक्षकांनी हा प्रकार ओळखला आणि गर्दीत आलेला चेंडू परत न देता आपल्याकडेच ठेवून घेण्याचा सपाटा लावला. सामना ०-० असाच संपला, दोन्ही संघांचे काम फत्ते झाले आणि बदनामी साखळीच्या पदरी पडली. परिणामी कसोटी सामने बंद झाले. वर्षभराच्या गुणतक्त्यात तळाला राहील तो आपोआप खाली जाईल, खालच्या श्रेणीत पुढे राहील तो आपोआप वर येईल, असा सरळ नियम त्यानंतर ठरला.

हा इतिहास एवढ्यासाठी सांगितला की, ज्या नियमाने आज नव्या संघाचा चाहता रडकुंडीला येतो तो नियम मुळात चाहत्याच्याच संतापातून उत्पन्न झाला आहे. संगनमत, वशिला आणि कारभाऱ्यांची मर्जी यांना दूर सारून निवाडा मैदानाकडे सोपवावा, हा त्याचा हेतू. मालक कितीही धनाढ्य असो आणि संघाची पूर्वपुण्याई कितीही मोठी असो, त्या हंगामात जे गुण कमावले तेवढीच त्याची पत; बाकीच्या सनदा बाद.

नवा संघ का टिकत नाही

नियम न्याय्य असला तरी त्याच्या अंमलात विषमता शिरू शकते, आणि अलीकडच्या काळात ती फारच शिरली आहे. इंग्लंडच्या आजच्या सर्वोच्च श्रेणीत, प्रीमियर लीगमध्ये, दरसाल तीन संघ वर येतात आणि तीन खाली जातात. नव्याने आलेले तिन्ही संघ एकाच वर्षात परत गेल्याचा प्रसंग १९९७-९८ च्या हंगामात घडला होता. बोल्टन, बार्न्सली आणि क्रिस्टल पॅलेस हे ते तीन संघ. त्यानंतर पंचवीस वर्षे हा योग पुन्हा आला नाही. मग २०२३-२४ मध्ये बर्नली, ल्यूटन आणि शेफील्ड युनायटेड, आणि त्याच्या पुढच्याच वर्षी लेस्टर, इप्सविच आणि साउदम्प्टन, असे सहाच्या सहा नवागत आल्या पावली परतले. पहिल्या वर्षीच्या तिघांचे मिळून गुण ६६ भरले, दुसऱ्या वर्षीच्या तिघांचे अवघे ५९. शेफील्डने एका हंगामात १०४ गोल खाल्ले. ३८ सामन्यांच्या हंगामात इतके गोल त्यापूर्वी कोणी खाल्ले नव्हते.

कारणे पाहू गेल्यास पहिले अर्थातच द्रव्याचे. दूरचित्रवाणीच्या हक्कांपोटी वरच्या श्रेणीत जो पैसा वाहतो तो वर्षानुवर्षे पिणाऱ्या संघांची तब्येत आणि काल दाखल झालेल्या संघाची तब्येत यांत अंतर पडणारच. घसरलेल्या संघाचा एकाएकी कडेलोट होऊ नये म्हणून वरच्या श्रेणीच्या प्रक्षेपण-उत्पन्नातील समान वाट्यापैकी पहिल्या वर्षी ५५ टक्के, दुसऱ्या वर्षी ४५ आणि तिसऱ्या वर्षी २० टक्के रक्कम त्याला तैनातीसारखी मिळत राहते. जो संघ वरती एकच वर्ष राहिला त्याची ही तैनात मात्र दोनच वर्षांची. या व्यवस्थेने घसरलेल्याला आधार मिळतो हे खरे, परंतु तिच्यामुळे खालच्या श्रेणीतही तैनातदार आणि बिनतैनातदार असे दोन वर्ग पडले आणि मधली दरी तेवढीच रुंदावली. दुसरे कारण आग्रहाचे. ज्या खेळाने बढती मिळवून दिली तोच खेळ वरतीही खेळायचा, चेंडू आपल्या गोलरक्षकापासून लहान लहान पासांनी पुढे न्यायचा, हा प्रशिक्षकांचा हट्ट बर्नलीने आणि साउदम्प्टनने पाहिला व भोगला. यातला विनोद असा की, बर्नलीला खाली घेऊन गेलेले व्हिन्सेंट कोम्पानी यांना लगोलग बायर्न म्यूनिखने पाचारण केले. प्रशिक्षकाला बढती आणि संघाला घसरण, असा जमाखर्च चाहत्यांना मुकाट्याने मान्य करावा लागला.

अशा हंगामात चाहत्याचे मन कोणकोणत्या अवस्थांतून जाते हे पाहण्यासारखे असते. ऑगस्टात आशा असते. मोठ्या संघाशी झालेली एखादी बरोबरी तिला खतपाणी घालते. डिसेंबरपर्यंत गणित सुरू होते: हातात सामने किती, गोलफरक केवढा, आपल्या वरच्याने कोणाकोणाकडून हरले पाहिजे. फेब्रुवारीत फिर्याद सुरू होते आणि तिचा रोख क्रमाक्रमाने बदलतो. आधी पंच, मग मध्यफळीतला एखादा खेळाडू, मग प्रशिक्षक, आणि अखेरीस मालक व संचालक मंडळ. लेस्टर हा २०१६ साली अजिंक्यपद पटकावून जगाला थक्क करणारा संघ; त्याने २०२४-२५ मध्ये स्वतःच्या मैदानावर ओळीने नऊ साखळी सामने एकही गोल न करता काढले, आणि त्याच्या प्रेक्षकांनी संचालकांविरुद्ध निदर्शने केली. साउदम्प्टनची गत त्याहून केविलवाणी. सात सामने शिल्लक असतानाच त्यांची रवानगी निश्चित झाली. मग आता आशा तरी कशाची धरायची? तर २००७-०८ मध्ये डर्बी काउंटीने अकरा गुणांचा जो नीचांक नोंदवला होता तो आपल्या नावावर लागू नये, एवढीच. १० मे २०२५ रोजी त्यांनी मँचेस्टर सिटीसारख्या बलाढ्य संघाला ०-० असे रोखून बारावा गुण मिळवला, आणि एरवी ज्या बरोबरीवर नाके मुरडली असती त्या बरोबरीचा त्यांच्या प्रेक्षकांनी विजयासारखा सोहळा केला. माणसाची अपेक्षा किती आकुंचन पावू शकते आणि तरीही तो मैदानावर येण्याचे सोडत नाही, याचा इतका बोलका पुरावा विरळा.

ल्यूटनची कथा मात्र निराळ्या सुराची आहे. हा संघ २००९ साली साखळीच्या बाहेरच फेकला गेला होता; २०१४ मध्ये तो साखळीत परतला, एकेक श्रेणी चढत गेला आणि मे २०२३ मध्ये पेनल्टींवर कव्हेंट्रीला हरवून सर्वोच्च श्रेणीत पोहोचला. त्याचे केनिलवर्थ रोड हे मैदान जेमतेम बारा हजार माणसांचे. पाहुण्या संघाच्या प्रेक्षकांचे प्रवेशद्वार तर चक्क घरांच्या ओळीतच काढलेले. दोन बिऱ्हाडांच्या मधल्या बोळातून आत शिरायचे आणि लोखंडी जिना चढताना खाली लोकांची परसे पाहत जायचे. कोट्यवधींच्या संघांचे चाहते वर्षभर त्या जिन्याने चढले-उतरले. हंगामाअखेर ल्यूटन २६ गुणांनिशी खाली गेला, पुढच्या वर्षी आणखी एक श्रेणी खाली गेला. पण तेथील चाहत्याला हे पुरते ठाऊक आहे की, जी वाट आपण एकदा चढलो ती अजून जागेवर आहे.

आपल्याकडची तऱ्हा

या शेवटच्या वाक्याचा अर्थ आपल्याकडचा इतिहास पाहिल्यावर अधिक स्पष्ट होतो. मुंबईच्या ‘ओएनजीसी’ संघाने २०१० साली दुसऱ्या श्रेणीतून तेव्हा देशातील सर्वोच्च असलेल्या आय-लीगमध्ये प्रवेश मिळवला आणि २०१०-११ च्या हंगामाअखेर तो खाली गेला. येथवर न्याय यथासांग झाला. संघाने पुन्हा कष्ट केले, २०१२ मध्ये पुन्हा बढती मिळवली. परंतु २०१३ साली आशियाई फुटबॉल महासंघाच्या परवाना-निकषांची पूर्तता होत नाही या कारणास्तव एअर इंडिया आणि ओएनजीसी या दोन्ही मुंबईकर संघांची नावे साखळीतून खारीज झाली. पहिल्या वेळचा निकाल मैदानाने दिला होता, दुसऱ्या वेळचा कागदाने. पहिल्यानंतर परतीचा रस्ता होता. दुसऱ्यानंतर उरले ते अर्ज-विनंत्यांचे दप्तर.

याहून उद्बोधक प्रकरण मिझोरामच्या ऐझॉल एफसीचे. हा संघ २०१५ साली दुसऱ्या श्रेणीचे विजेतेपद मिळवून आय-लीगमध्ये आला. आपल्या राज्यातून तेथवर पोहोचलेला तो पहिलाच. २०१५-१६ मध्ये नऊ संघांत तो आठवा आला. नववा होता पुण्याचा डीएसके शिवाजियन्स. परंतु त्या संघाने थेट प्रवेश घेतलेला असल्यामुळे त्याला घसरणीपासून अभय होते. तेव्हा शेवटचा राहिला तो वाचला आणि त्याच्या वरचा खाली गेला! ऐझॉलच्या चाहत्यांच्या संतापाला यापेक्षा सबळ कारण कोणते हवे होते? त्यातच हा ‘नालायक’ ठरलेला संघ त्याच मे महिन्यात फेडरेशन चषकाच्या अंतिम सामन्यात जाऊन उभा राहिला. तेथे मोहन बागानने त्याला ५-० असे नमवले, ही गोष्ट अलाहिदा.

पुढे दैवाने मोठी मौज केली. साखळीच्या भावी रचनेचा निषेध म्हणून गोव्याच्या साळगावकर, स्पोर्टिंग आणि धेंपो या नामांकित संघांनी २०१६ मध्ये माघार घेतली, जागा रिकाम्या झाल्या आणि ऐझॉलला परत बोलावणे आले. त्याच सुमारास मुंबई एफसीने आपले सात वर्षांचे प्रशिक्षक खालिद जमील यांना निरोप दिला. जमील ऐझॉलला गेले आणि मुंबई एफसीकडून खेळलेले जयेश राणे व आशुतोष मेहता हे खेळाडूही त्या संघात दाखल झाले. ३० एप्रिल २०१७ रोजी शिलाँगच्या मैदानावर ऐझॉलला अजिंक्यपदासाठी एक गुण हवा होता. नवव्या मिनिटालाच दिपांडाने शिलाँग लाजोंगतर्फे गोल केला. तिकडे मोहन बागान आपला सामना जिंकण्याच्या वाटेवर होता. जवळजवळ तासभर ऐझॉलचे चाहते जीव मुठीत धरून बसले, आणि सदुसष्टाव्या मिनिटाला विल्यम लालनुनफेलाने बरोबरी साधली. वर्षभरापूर्वी घसरलेला संघ देशाचा अजिंक्य संघ झाला. ज्या मुंबई एफसीने जमील यांना निरोप दिला होता, त्याने मात्र हंगामाच्या मध्यावर प्रशिक्षक बदलूनही त्याच वर्षी तळ गाठला. तो खाली गेला आणि मालकांनी वरिष्ठ संघाचा गाशाच गुंडाळला. २००८ साली दुसऱ्या श्रेणीतून बढती मिळवून आलेला, कूपरेजवर आपला प्रेक्षकवर्ग निर्माण केलेला संघ असा नामशेष झाला. खालिद जमील ऑगस्ट २०२५ मध्ये राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक झाले.

ऐझॉलच्या चाहत्याचा संताप वर्षभरात विरघळला आणि मुंबईच्या चाहत्याचा संताप थिजून राहिला. घसरण दोघांच्याही वाट्याला आली होती. फरक एवढाच की, एकाचा संघ पुन्हा मैदानात उतरला आणि दुसऱ्याचा उतरू शकला नाही.

जिनाच काढून घेतला तर?

कोणी म्हणेल, मग घसरणच रद्द करावी. म्हणजे चाहत्याला हा ताप नको. हा प्रयोगही आपण करून पाहिला आहे. २०१४ साली निघालेल्या इंडियन सुपर लीगमध्ये खाली जाण्याची तरतूद नव्हती आणि वर येण्याचीही नव्हती. सनद ज्याच्या हाती तो कायमचा जहागीरदार. आशियाई महासंघाच्या विचाराने २०१९ मध्ये जो आराखडा ठरला त्यानुसार २०२२-२३ पासून आय-लीगच्या विजेत्याला बढती आणि २०२४-२५ पासून तळाच्या संघाला घसरण, असा क्रम होता. बढतीचे कलम अंमलात आले: पंजाब एफसी वर आला आणि त्यामागून १८९१ साली स्थापन झालेला कोलकात्याचा मोहमेडन स्पोर्टिंग २०२४ मध्ये दाखल झाला. घसरणीचे कलम मात्र कागदावरच राहिले. मोहमेडन २०२४-२५ मध्ये तेरा संघांत तेरावा आला, खेळाडूंचे पगार थकल्याच्या वार्ता आल्या, चाहते चिडले. आणि तरीही संघ खाली गेला नाही.

यात चाहत्याचे कल्याण झाले काय? खाली जाण्याचे भय नसल्यामुळे शेवटच्या सामन्यांना अर्थ उरला नाही. मालकाला जाब विचारण्याचे जे एकमेव अस्त्र गुणतक्त्याच्या हाती असते तेही बोथट झाले. तोवर खालची श्रेणी होऊन बसलेल्या आय-लीगची तऱ्हा तर याहून वाईट. २०२४-२५ च्या आय-लीगचा विजेता कोण, गोव्याचा चर्चिल ब्रदर्स की वाराणसीचा इंटर काशी, हे ठरवण्यासाठी प्रकरण स्वित्झर्लंडमधील क्रीडा लवादापर्यंत गेले आणि चषक कोणाचा हे जुलैमध्ये निकालपत्राने ठरले. पुढे अखिल भारतीय महासंघ आणि त्याचा व्यापारी भागीदार यांच्यातील कराराचा घोळ इतका वाढला की २०२५-२६ चा हंगाम नेहमीच्या सप्टेंबरात सुरूच होऊ शकला नाही. स्टोक आणि बर्नलीच्या प्रेक्षकांनी चेंडू अडवून जो दोष दूर करायला लावला तोच दोष, निवाडा मैदानाबाहेर होण्याचा, आपण सव्वाशे वर्षांनी नव्याने जोपासला आहे.

महाराष्ट्रात याच्या उलट उदाहरण नाही असे मात्र नव्हे. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या वरिष्ठ गटात सोळा संघ झुंजतात. पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब, बालगोपाल, खंडोबा ही त्यांची नावेच सांगतात की, हे संघ कोणा कंपनीच्या मर्जीवर उभे नसून पेठांच्या आणि तालमींच्या जिवावर उभे आहेत. तेथे वर येणे आहे, खाली जाणे आहे, हुल्लडही आहे आणि पराभवानंतर पेठेत पसरणारी अवकळाही आहे; पण संघ खाली गेला म्हणून तालीम बंद पडत नाही. मालकाचा ताळेबंद आणि पेठेचा अभिमान यांतील हा भेद ज्याला उमगला त्याला फुटबॉलचे अर्थशास्त्र निम्मे उमगले.

तेव्हा नव्याने वर आलेल्या संघाच्या चाहत्याने आपला उद्वेग खुशाल व्यक्त करावा. प्रशिक्षकाला प्रश्न विचारावेत, खेळाडूंच्या खरेदी-विक्रीचा हिशेब मागावा, संचालकांच्या दारात उभे राहावे. हा त्याचा हक्क आहे. फक्त घसरणीपासून संरक्षण मागू नये. ते संरक्षण मिळते तेव्हा ज्या दाराने आपण वर आलो ते दारही बंद होते, आणि मग खाली राहिलेल्या प्रत्येक गावाच्या नशिबी कायमचे प्रेक्षक होणे येते. या शेवटच्या वर्गात परभणी मोडते, म्हणून ही गोष्ट परभणीकराने आवर्जून बोलली पाहिजे. अखिल भारतीय महासंघाने २०१९ च्या आराखड्यातील घसरणीचे कलम विनासबब अंमलात आणावे, आणि राज्य संघटनेने मराठवाड्यातील जिल्ह्यांसाठी दरवर्षी नेमाने होणारी, वर-खाली जाण्याची वाट असलेली साखळी उभी करावी. परभणीचा एखादा संघ त्या साखळीत वर चढला आणि पुढच्याच वर्षी खाली घसरला, तरी तो आजच्यापेक्षा पुष्कळ पुढे आलेला असेल.